दुसऱ्या पाण्यावर आहे

“आहे गं, छबू. दुसऱ्या पाण्यावर आहे.”

हा आवाज लाकडी दाराआडून यायचा. दारावर लाल दिवा, दारामागे जाड काळा पडदा आणि पडद्यामागे आई. आई एका फोटो स्टुडिओत फोटो धुवायची. त्या खोलीत उजेडाची एक रेघ शिरली तरी कुणाचं लग्न, कुणाचं तान्हं बाळ, कुणाचा गेलेला बाप क्षणात काळाठिक्कर पडायचा. म्हणून लाल दिवा पेटलेला असेतो दाराला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. छबू बाहेर स्टुलावर पाय हलवत बसायची. पोरगी एरवी धीट, पण बंद दार दिसलं की तिचं अवसान जायचं. आतल्या काळोखानं आईला गिळलं असेल असं वाटायचं आणि मग ती दारावर थाप मारायची. हळूच एकदा, मग जोरात.

आई कधी रागावली नाही, पण नुसतं “आहे” म्हणूनही थांबली नाही. किती झालं, किती राहिलं, हे ती सांगायची. आणि हात गुंतलेले असले तर गायची. काळोखात घड्याळ दिसत नाही, म्हणून कागद कोणत्या पाण्यात किती वेळ ठेवायचा हे तिनं गाण्यात बसवलं होतं.

पहिलं माझं पाणी गं, पाण्यात उमटे डोळा
अंधाराच्या कुशीत बाई, उजेड होतो गोळा
दुसरं माझं पाणी गं, थांबवी काळी माया
तिसरं माझं पाणी गं, पक्की झाली छाया
चौथं पाणी वाहतं, धुऊन निघे मुख
दार उघडते बाई मी, लेकीला लागली भूक

गाणं पुढे सरकलं म्हणजे आई पुढे सरकली. आवाज येतोय म्हणून नव्हे, ओळ बदलली म्हणून छबूचा जीव भांड्यात पडायचा. मग कडी वाजायची, आंबूस औषधांचा वास यायचा आणि ओल्या हातांची आई बाहेर यायची.

आज पुन्हा दोघींच्या मध्ये दार होतं. या खेपेला काचेचं.

काचेपलीकडे आई स्कॅनच्या मशीनमधून नुकतीच बाहेर आली होती. तिला चाकाच्या खाटेवर घेऊन शेजारच्या लहानशा खोलीत निजवलं होतं. काचेअलीकडे छबू उभी होती आणि तिच्यापुढे खुर्चीत बसला होता श्वासमास्तर. स्कॅन काढणारा तो. ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ हे दिवसभर म्हणून म्हणून त्याला हे नाव पडलं होतं आणि घरीही तो बायकोला तसंच सांगतो, असं सगळं हॉस्पिटल म्हणायचं. छबूही याच हॉस्पिटलातली. तळमजल्यावरच्या संगणक विभागात प्रोग्रॅम लिहायची. मास्तरच्या पुढ्यातला पडदा, त्यावरची बटणं, त्यामागचं सगळं काम तिच्या हातचं.

सकाळी आई तिच्याकडे आली होती ती हसतच. मग चहा ओतताना तिनं तो कपात न ओतता कपाशेजारी ओतला आणि बघत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाचा हात चुकला होता. आई म्हणत होती, उन्हानं होतं गं असं, मी बरी आहे. छबूनं तिला रिक्षात घातलं आणि सरळ इथे आणलं.

डॉक्टर मेंदूची शस्त्रक्रिया करणारे. मोजकं बोलणारा माणूस. साध्या स्कॅनमध्ये त्यांना काही दिसलं नाही. मावशी, याआधी कधी एकदम डोकं दुखलं होतं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. आई दोन्ही वेळा नाही म्हणाली. मग ते छबूला बाजूला घेऊन म्हणाले की मला डोक्यातल्या शिरांचा नकाशा बघायचाय. कुठे शीर फुग्यासारखी फुगली असेल तर कदाचित आत्ताच्या आत्ता आत घ्यावं लागेल. नसेल तर संध्याकाळी घरी जा. तासाभरात त्यांना दुसरं मोठं ऑपरेशन होतं. एकदा हात धुऊन आत गेले की रात्रीपर्यंत बाहेर येणार नव्हते आणि हे काम करणारं दुसरं कुणी हॉस्पिटलात नव्हतं.

“नकाशा आला की हाक मारा,” एवढं बोलून ते गेले आणि आईला पुन्हा मशीनमध्ये घातलं.

नकाशा म्हणजे काय, तर स्कॅनमध्ये डोक्याचे पावाच्या कापांसारखे बारीक बारीक काप निघतात, ते एकावर एक रचून शिरांचं झाड उभं करायचं. हे रचायचं काम छबूचा प्रोग्रॅम करायचा. काम जड. संगणकालाही त्यात घाम फुटायचा.

पूर्वी हे काम सुरू झालं की मास्तरचा पडदा गोठायचा. पांढराफटक पडायचा, बटण दाबावं तर दबायचं नाही, वर पाटी यायची की प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. मास्तरचं धाबं दणाणायचं. तो दहा वेळा टिचक्या मारायचा आणि शेवटी वैतागून सगळं बंद करून टाकायचा. आत काम व्यवस्थित चाललेलं असे, जवळजवळ संपत आलेलं असे, आणि ते असं मारलं जाई. छबूला कारण कळलं होतं. प्रोग्रॅमच्या आत जणू एकच माणूस दुकानाच्या गल्ल्यावर बसायचा आणि तोच मागच्या कोठारात पोती उपसायला जायचा. गिऱ्हाईक येऊन ओरडलं तरी गल्ला रिकामा. तिनं दोन माणसं केली. एक पुढे, फक्त बोलायला. दुसरा मागे, फक्त राबायला. मागच्यानं पुढे यायचं नाही, फक्त चिठ्ठी सरकवायची: इतकं झालं, इतकं राहिलं.

पण मागचा भलताच कामसू निघाला. एकेका कापाला एकेक चिठ्ठी पाठवू लागला. चिठ्ठ्यांचा असा पाऊस की पुढचा त्या वाचण्यातच बुडून गेला आणि पडदा पुन्हा अडखळायला लागला. मास्तरनं टोमणा मारला की ताई, आधी हा मुका होता, आता तोतरा झालाय. छबूला ते लागलं. तिनं चिठ्ठ्या बंद केल्या. तात्पुरत्या. त्याऐवजी पुढच्याच्या हातात एक निळं चक्र दिलं. काम सुरू झालं की फिरायचं, नकाशा आला की थांबायचं. चक्र इतकं गुळगुळीत फिरे की बघणाऱ्याला समाधान वाटे. सगळे खूश झाले. मास्तर तिला चक्रबाई म्हणू लागला. चिठ्ठ्यांचं मग राहूनच गेलं.

आता ते चक्र फिरत होतं. मास्तर मांडी हलवत बसला होता.

“फिरतंय ना, ताई? मग बसा की. तुमचंच पिल्लू आहे.”

छबू बसली नाही. शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिनं डोकावून विचारलं, आई, कशी आहेस? आईनं डोळे न उघडता सांगितलं की मी बरी आहे, तू जेवलीस का?

हेच. शब्दाला शब्द हेच. रोज संध्याकाळी फोनवर छबू विचारायची आणि आई म्हणायची, मी बरी आहे, तू जेवलीस का? त्या वाक्याची इतकी सवय झाली होती की छबू ते ऐकता ऐकता भाजी चिरायची. गेल्या आठवड्यात एकदा फोन फार वेळ वाजला होता. उचलला तेव्हा मात्र आवाज तोच, वाक्य तेच. भाजी चिरता चिरताच तिनं फोन ठेवला होता.

ती पडद्याकडे परतली. चक्र फिरत होतं, त्याच लयीत, तसंच निळं. मास्तरची मांडी हलायची थांबली होती.

“जरा जास्तच वेळ लागतोय का हो?” तो म्हणाला. आवाजातली गंमत गेली होती.

डॉक्टरांनी या वेळी नेहमीपेक्षा बारीक काप मागितले होते. बारीक म्हणजे संख्येनं खूप. वेळ जास्त लागणारच, तिनं स्वतःला बजावलं. पण मग दुसरा विचार आला आणि तो गेला नाही. इतके काप मागच्या माणसाच्या कोठारात मावले तरी असतील का? नसतील मावले, तर तो गुदमरून केव्हाच आडवा झाला असेल. आणि तो आडवा झाला हे पुढच्याला सांगणार कोण? चिठ्ठी तर तिनंच बंद केली होती. पुढचा आपला चक्र फिरवत बसला असेल, हसतमुखानं, जन्मभर.

चक्राला काहीच माहीत नव्हतं. ते कधीच कामाला बांधलेलं नव्हतं.

आता करायचं काय? काम जिवंत असेल आणि तिनं ते थांबवलं, तर पुन्हा पहिल्यापासून रचावं लागेल आणि तोवर डॉक्टर आत गेलेले असतील. काम मेलेलं असेल आणि ती वाट बघत राहिली, तरी डॉक्टर आत गेलेलेच असतील. हात माऊसवर होता, पण बोट हलेना. आयुष्यभर लोकांच्या नावानं खडे फोडले होते तिनं, घाबरून बंद करतात म्हणून. आता तीच भीती तिच्या मनगटात येऊन बसली होती.

“मास्तर,” ती म्हणाली, “पंखा बंद करा.”

मास्तरनं छताचा पंखा बंद केला. खोली शांत झाली. छबू गुडघ्यावर बसली आणि टेबलाखाली वाकून संगणकाच्या पेटीला कान लावला. राबताना ही पेटी घोरते, गरम श्वास सोडते, हे तिला ठाऊक होतं. आत्ता ती नुसती कुजबुजत होती. तिनं पाठीमागच्या जाळीवर तळहात ठेवला. तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा. जाळी गार होती.

ती उठली आणि ‘रद्द करा’चं बटण दाबलं. बटण लगेच दबलं, अगदी अदबीनं. पडद्यावर अक्षरं आली, रद्द करत आहे, कृपया थांबा. आणि चक्र फिरतच राहिलं. मेलेल्याच्या दारावर टकटक करून हा पुढचा माणूस आतून उत्तर यायची वाट बघत उभा होता.

“हे तर चालू दिसतंय,” मास्तर पुटपुटला.

“नाही, मास्तर. हे केव्हाच गेलंय.”

त्याच वेळी डॉक्टर दारात आले. डोक्याला टोपी बांधलेली, मास्क गळ्यात लोंबत होता. काही न विचारता ते पडद्याकडे बघू लागले आणि चक्र दिसल्यावर त्यांनी मान हलवली, चाललंय म्हणून समाधानानं. छबूला वाटलं, आत्ता गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नाही. पण तिच्या तोंडून शब्द निघाले. तिनं सांगितलं की चक्र खोटं आहे, मागचं काम बंद पडलंय, पहिल्यापासून करावं लागेल. या खेपेला डोक्याच्या तळाकडचा भागच आधी घेते, जिथे शिरा एकमेकींना मिळतात. तेवढा मावेल.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी हात धुवायला जातोय,” ते म्हणाले. “आतला पेशंट टेबलावर आहे. धुऊन होईपर्यंत थांबू शकतो. त्यानंतर नाही.”

छबूनं सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. पासवर्ड दोनदा चुकला. मग ती आतल्या एका पानावर गेली आणि कधीचा बंद ठेवलेला तो खटका चालू केला. चिठ्ठ्या. एकेका कापाला नको, मूठभर कापांना एक. हे इतकं सोपं तेव्हा का सुचलं नाही, असा विचार येऊन गेला. त्याला बसायला जागा नव्हती, तो तसाच गेला. काम सुरू झालं. पेटी घोरायला लागली. पडद्यावर चक्र नव्हतं, एक ओबडधोबड पट्टी होती. ती दचकत, थांबत, अडखळत पुढे जात होती. दिसायला अगदीच गावंढळ. पण जात होती.

“सरकतंय,” मास्तर म्हणाला. “ताई, तुम्ही आईपाशी जा. मी इथून सांगत राहतो.”

लहानशा खोलीत आई उताणी निजली होती. पायाशी तिच्या चपला कुणीतरी नीट जोडून ठेवल्या होत्या. एकीचा अंगठा उसवलेला. छबू खाटेच्या कडेला टेकली. ‘कशी आहेस’ हा प्रश्न ओठावर आला आणि तिनं तो गिळला. विचारलं असतं तर चक्रच फिरलं असतं. मी बरी आहे, तू जेवलीस का.

“आई,” ती म्हणाली, “फोटो धुतानाचं गाणं म्हण ना.”

आईनं डोळे उघडले. “हे काय आता?”

“मी बाहेर स्टुलावर बसलेय असं समज.”

आई हसली. हसताना तोंड जरा एका बाजूला ओढल्यासारखं झालं, की छबूलाच तसं वाटलं. मग आईनं हलक्या, जुन्या आवाजात सुरुवात केली.

“पहिलं माझं पाणी गं, पाण्यात उमटे डोळा...”

“सरकतंय, ताई,” पलीकडून मास्तर.

“अंधाराच्या कुशीत बाई, उजेड होतो गोळा...” आई थांबली. एक आवंढा गिळला. “पहिलं माझं पाणी गं, पाण्यात उमटे डोळा...”

छबू तिच्या तोंडाकडे वाकली.

“अंधाराच्या कुशीत बाई, उजेड होतो गोळा. पहिलं माझं...”

“दुसरं, आई. आता दुसरं पाणी.”

आई छताकडे बघत होती. ओठ हलत होते. ज्या बाईनं ते गाणं काळोखात, पाठ वळवून, हजारो अनोळखी चेहऱ्यांसाठी म्हटलं होतं, ती त्या दोन ओळींच्या पलीकडे पाय टाकू शकत नव्हती. तिचा हात चादरीवर काहीतरी चाचपू लागला, अंधारात फोटो धुवायची थाळी शोधावी तसा. पहिल्यांदाच छबूला आईच्या डोळ्यांत ते दिसलं, जे आजवर फक्त तिच्याच डोळ्यांत असायचं. दाराबाहेरच्या पोरीच्या.

“सापडत नाहीये गं,” आई म्हणाली.

“असू दे. गाणं असू दे.” छबूनं तिचा हात दोन्ही हातांत धरला. “तू कुठल्या पाण्यावर आहेस, तेवढं सांग. बरी आहेस असं नको सांगू. मी घाबरेन म्हणून काही झाकू नकोस. मी घाबरलेलीच आहे, आई. सकाळपासून.”

“अर्ध्याच्या पुढे गेलं,” मास्तर म्हणाला. आणि जरा थांबून, वेगळ्याच आवाजात, “इथे काहीतरी गोल दिसतंय, ताई. मला त्यातलं कळत नाही. मी डॉक्टरांना बोलावतो.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं पळत गेली. मग दोन माणसांची पावलं परत आली. डॉक्टर दारात उभे होते, कोपरांपर्यंत ओले, हात हवेत धरलेले, कशालाही न लागण्याच्या बेतानं. एका नजरेनं त्यांनी पलीकडचा पडदा पाहिला होता हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ते आईला उद्देशून म्हणाले, अगदी हळू, की मावशी, फुगा आहे. पण तो आधी कधी फुटून गळलाय का, हे चित्र मला सांगू शकत नाही. ते तुम्हीच सांगू शकता. गळला असेल तर आतलं ऑपरेशन थांबवून आधी तुम्हाला घ्यावं लागेल.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती छबूकडेच बघत होती. तिच्या कपाळावरची शीर उडत होती. छबूनं या वेळी थाप मारली नाही. ती वाट बघत राहिली.

“गेल्या आठवड्यात,” आई म्हणाली. “न्हाणीघरात होते मी. मानेच्या मागे कुणी कुऱ्हाड घातल्यासारखं झालं. पडले. उठता येईना. तिथेच फरशीवर निजून राहिले किती तरी वेळ. मग तुझा फोन वाजायला लागला, वाजतच राहिला. सरपटत गेले आणि उचलला. तू विचारलंस कशी आहेस. तुझ्या मागे भाजी चिरल्याचा आवाज येत होता. इतका बरा वाटला तो आवाज.” तिनं श्वास घेतला. “मी खोटं बोलले, छबू. तेव्हा बरी नव्हते मी. त्यानंतर एकही दिवस बरी नव्हते. आणि आता मला फार भीती वाटतेय.”